शाळा बंद, संशोधन चालू

एप्रिल २०२०च्या सुरुवातीला युनेस्कोच्या नोंदींप्रमाणे १९०च्या आसपास देशांतल्या शाळा-महाविद्यालयांना कुलूप लागले होते आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. जगभरात पटावर असलेल्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ. युद्ध, भूकंप, साथी यांनी शाळा पूर्वीही बंद पाडल्या होत्या, पण त्या एखाद्या शहरापुरत्या किंवा प्रांतापुरत्या. साऱ्या जगाची शाळा एकदमच सुटावी, असे कधी घडले नव्हते. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीने हा न ठरवता झालेला प्रचंड प्रयोग होता. अडचण एवढीच की अभ्यासकही घरातच कोंडलेले होते. शाळेत जाऊन मुलाला समोर बसवून काही तपासता येत नव्हते आणि हाताशी होता तो संगणक. पुढच्या चार-पाच वर्षांत कोविडकाळातल्या शिक्षणावर जे संशोधन झाले, त्याची दिशा या अडचणीने बरीचशी ठरवली. कोणते प्रश्न विचारले गेले, कोणाला विचारले गेले आणि कोण विचारायचे राहून गेले, हे त्यावरच अवलंबून राहिले.

लेखनाचा वेग थक्क करणारा होता. जॉन इओॲनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपस या निबंधसूचीवरून केलेल्या मोजणीत ऑगस्ट २०२१पर्यंत कोविडविषयक लेखांची संख्या दोन लाखांवर आणि लेखकांची सात लाखांवर गेलेली आढळली. विज्ञानाच्या ज्या १७४ उपशाखा त्यांनी धरल्या होत्या, त्या प्रत्येकीतल्या कोणी ना कोणी कोविडवर लिहिले होते. शिक्षणशास्त्र याला अपवाद नव्हते. नियतकालिकांनी विशेषांक काढले, परीक्षणाला महिनोन्‌महिने लागायचे ते काही ठिकाणी आठवड्यांवर आले आणि परीक्षण होण्याआधीच निबंध जाहीर करण्याची वैद्यकातली रीत शिक्षणातही रुळली. घाईचे मोल कुठेतरी चुकवावे लागतेच.

आधीची शिदोरी

साथ आली तेव्हा शाळा बंद राहण्याच्या परिणामांविषयी अभ्यासकांकडे अगदीच काही नव्हते असे नाही. १९१८च्या इन्फ्लूएंझात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, तर न्यूयॉर्क आणि शिकागोने चालू ठेवल्या. त्याची कागदपत्रे इतिहासकारांनी चाळली होती. १९१६च्या पोलिओच्या साथीत अमेरिकेत लांबलेल्या सुट्टीचा त्या पिढीच्या पुढच्या शिक्षणावर काय परिणाम झाला, यावर मायर्स आणि थॉमसन यांचे काम होते. अमेरिकी शाळांची उन्हाळी सुट्टी दोन-अडीच महिन्यांची असते आणि तेवढ्यात मुले, विशेषतः गणितात, मागे पडतात, यावर तर कित्येक दशके निबंध लिहिले जात होते. २०१४-१५मध्ये इबोलामुळे सिएरा लिओनमधल्या शाळा बंद झाल्या होत्या आणि तिथे रेडिओवरून धडे दिले गेले होते.

यांत सर्वांत मोलाचा अभ्यास पाकिस्तानातला होता. ऑक्टोबर २००५च्या भूकंपाने काश्मीर आणि आसपासच्या भागातल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास यांनी भूकंपरेषेजवळच्या आणि लांबच्या गावांतल्या मुलांची तुलना केली. तोपर्यंत मदत पोचली होती, घरे बांधून झाली होती, दोन्हीकडच्या कुटुंबांची मिळकत सारखी झाली होती. मुले मात्र सारखी झाली नव्हती. जवळच्या गावांतली मुले दीड ते दोन इयत्तांनी मागे होती. बंदी १४ आठवड्यांची आणि तूट दीड वर्षाहून जास्त, हे गणित चटकन पटणारे नाही. त्याचा संभाव्य उलगडा असा, की शाळा पुन्हा उघडल्यावर शिक्षकांनी मधला राहिलेला भाग न शिकवता पुढच्या इयत्तेचे पुस्तक हाती घेतले आणि पाया कच्चा राहिलेली मुले दरवर्षी आणखी मागे पडत गेली. आई निदान प्राथमिक शाळा पूर्ण केलेली असेल, तर त्या घरातल्या मुलांवर हा परिणाम जवळजवळ दिसला नाही. कोविडकाळात पुढे जे आढळले, त्याचे बरेचसे या एका अभ्यासात आधीच सांगून ठेवलेले होते. धोरण ठरवणाऱ्यांनी तो वेळेत वाचला असता, तर शाळा उघडताच अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करण्याची घाई कदाचित कमी झाली असती.

मतांची लाट

पहिल्या सहा-आठ महिन्यांतले लेखन प्रामुख्याने अनुभवांचे आणि मतांचे होते. २७ मार्च २०२० रोजी चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एज्युकॉज रिव्ह्यूमध्ये लिहिलेला छोटा लेख या लाटेतल्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी एक ठरला. त्यांचे म्हणणे साधे होते. नीट आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार व्हायला सहा ते नऊ महिने लागतात. मार्चमध्ये शिक्षकांनी रातोरात जे सुरू केले ती आणीबाणीतली तात्पुरती सोय आहे. त्यामुळे या काळातल्या अनुभवावरून ‘ऑनलाइन शिक्षण चांगले की वाईट’ असा निकाल देऊ नये. लेख सर्वांनी उद्धृत केला आणि त्यातला सल्ला पुष्कळांनी बाजूला ठेवला. तसा निकाल देणारे निबंध पुढे शेकड्यांनी आले.

अरास बोझकुर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ देशांतल्या परिस्थितीचे वर्णन एकत्र केले. दिल्लीच्या शिवांगी धवन यांच्या लेखात ऑनलाइन शिक्षणाची बलस्थाने, उणिवा, संधी आणि आव्हाने मांडली होती. तो जगभर इतका उद्धृत झाला की भारतातल्या शिक्षणविषयक लेखाला असा मान क्वचितच मिळाला असेल. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठातून निघालेल्या एका प्रश्नावलीला ६२ देशांतल्या ३०,३८३ विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली.

या लाटेचे खरे हत्यार होते गुगल फॉर्म. प्रश्नावली तयार करायची, तिचा दुवा व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकायचा, आठवडाभरात चार-पाचशे उत्तरे गोळा झाली की तक्ते काढायचे आणि निबंध पाठवायचा. भारतातल्या महाविद्यालयांमध्ये प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशित निबंधांची गुणमोजणी लागत असल्याने हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटला. त्यातली गोम लपून राहणारी नव्हती. ऑनलाइन वर्गात काय अडचणी येतात, हा प्रश्न ऑनलाइन प्रश्नावलीतून विचारला की ज्याच्याकडे फोन नाही, रेंज नाही किंवा फोन बापाबरोबर कामावर जातो, तो मुलगा उत्तरातून आपोआप गळतो. उरतात ते तुलनेने सुस्थितीतले. त्यांच्यापैकी ६० टक्के ‘समाधानी’ निघाले तर त्या टक्केवारीतून शाळाबाह्य झालेल्या मुलाविषयी काहीच कळत नाही. तीस हजार उत्तरे आली म्हणून हा दोष धुऊन निघत नाही. नमुना मोठा असणे आणि नमुना प्रातिनिधिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा कल होता महाविद्यालयांकडे झुकण्याचा. मेलिसा बाँड यांनी शालेय शिक्षणावरच्या सुरुवातीच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा त्यांना निकषांत बसणारे ८९ अभ्यास मिळाले. उच्च शिक्षणावरच्या अशाच आढाव्यात २८२ मिळाले. प्राध्यापकाला आपलेच विद्यार्थी हाताशी असतात, ते सज्ञान असल्याने पालकांची परवानगी लागत नाही आणि त्यांच्याकडे ईमेल असतो. पहिलीतल्या मुलीकडे यांतले काही नसते. शाळा बंद राहिल्याने सर्वाधिक नुकसान ज्या वयात व्हायचे, त्या वयावर सुरुवातीला सर्वांत कमी लिहिले गेले, ते यामुळे.

तरीही ही लाट अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही. छोट्या, नेमक्या प्रश्नांवर तिने उपयोगी उत्तरे दिली. वर्गात विद्यार्थी कॅमेरा बंद का ठेवतात, या रोजच्या तक्रारीचे उदाहरण घेता येईल. शिक्षकांचा ग्रह असा, की मुले झोपलेली असतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या कास्तेली आणि सारवारी यांनी जीवशास्त्राच्या प्रयोगवर्गातल्या २७६ विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला. सर्वाधिक आलेले कारण म्हणजे आपण कसे दिसतो याची काळजी. त्याखेरीज आपल्या पाठीमागे घरातली माणसे आणि घराची अवस्था दिसेल हा संकोच, आणि कमकुवत जोडणी. कॅमेऱ्याची सक्ती केली तर ती गरीब घरातल्या मुलांना अधिक जाचेल, असे त्यांनी निदर्शनास आणले. पडद्यासमोरच्या थकव्यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेनसन यांनी फेब्रुवारी २०२१मध्ये कारणमीमांसा मांडली: चेहरे अनैसर्गिक जवळ दिसणे, स्वतःचाच चेहरा सतत समोर असणे, एका जागी जखडून राहणे आणि समोरच्याचे हावभाव ओळखायला डोक्यावर पडणारा ताण.

अंदाजांचा काळ

मते गोळा होत असतानाच अर्थशास्त्रज्ञ आणि मूल्यमापनातले तज्ज्ञ नुकसानीचे आगाऊ अंदाज बांधत होते. अमेरिकेतल्या एनडब्ल्यूईए या चाचणीसंस्थेच्या मेगन कुफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी सुट्टीवरच्या जुन्या आकडेवारीचा आधार घेतला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २०२०च्या शरदात परतणाऱ्या मुलांनी नेहमीच्या वर्षात जेवढी प्रगती केली असती, तिच्या वाचनात ६३ ते ६८ टक्के आणि गणितात ३७ ते ५० टक्केच पदरात पडलेली असणार होती. प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा वाचन जवळपास आधीच्या वर्षाइतकेच आढळले; गणितात घसरण होती पण भाकितापेक्षा कमी. हायसे वाटावे असाच हा निष्कर्ष, पण संस्थेनेच एक खुलासा केला होता: आदल्या वर्षी चाचणी दिलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मुले या वेळी आलीच नव्हती. जे परीक्षेला बसले नाहीत त्यांचे काय झाले, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे संशोधकांचा पिच्छा पुरवत राहिला.

जागतिक बँकेचे अंदाज पैशांत होते. जून २०२०मध्ये तिने या पिढीच्या आयुष्यभराच्या कमाईतली तूट १० लाख कोटी डॉलर धरली. डिसेंबर २०२१मध्ये युनेस्को आणि युनिसेफ यांच्यासह काढलेल्या अहवालात तीच १७ लाख कोटींवर गेली. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या ज्या मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही त्यांचे प्रमाण साथीआधी ५३ टक्के होते. ते ७० टक्क्यांपर्यंत जाईल असे भाकीत होते. हे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आले, अर्थमंत्र्यांच्या कानापर्यंत पोचावेत हाच त्यांचा हेतू होता आणि तो काही अंशी साधलाही. मात्र आकडा गृहीतकांवर उभा आहे, मोजणीवर नाही, ही गोष्ट मथळ्यात राहत नाही.

मोजमाप सुरू होते

खरे मोजमाप तिथेच आधी झाले, जिथे मोजण्याची यंत्रणा साथीआधीपासून बसवलेली होती. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळांतली मुले वर्षातून दोनदा एकाच धर्तीच्या चाचण्या देतात. २०२०मध्ये पहिली चाचणी शाळा बंद होण्याच्या थोडी आधी झाली आणि दुसरी त्या उघडल्यानंतर लगेच. पेअर एंगझेल, अरुण फ्राय आणि मार्क फेरहाखेन यांना अशा साडेतीन लाख मुलांचे गुण मिळाले. शाळा बंद होत्या अवघे आठ आठवडे. घरोघरी इंटरनेट असणाऱ्या देशांत नेदरलँड्स जगात आघाडीवर. तरीही मुले सरासरी तीन शतमकांनी घसरली. म्हणजे शंभरांच्या रांगेत मध्यावर उभे असणारे मूल तीन जागा मागे गेले. ही तूट शालेय वर्षाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी होती आणि शाळाही जवळपास तेवढाच काळ बंद होत्या. याचा अर्थ घरून शिकताना मुले जवळजवळ काहीच शिकली नव्हती. कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांची तूट इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक होती. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वादाचा सूर बदलला. सर्व सोयी असलेल्या देशात आठ आठवड्यांत एवढे होत असेल, तर इतरांनी आपले काय झाले असेल याचा विचारच केलेला बरा.

शेजारच्या बेल्जियममध्ये फ्लँडर्स भागातल्या सहावीच्या मुलांत माल्दोनादो आणि दे वित्त यांना याहून मोठी घसरण आढळली. उलट स्वीडनने धाकट्या मुलांच्या शाळा बंद केल्या नव्हत्या आणि तिथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनचाचण्यांत तूट दिसली नाही. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात गिल्येर्मे लिशांद आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक वर्गांवर काम केले. मुले प्रत्यक्ष वर्गात जेवढे शिकली असती त्याच्या २७.५ टक्केच ती दूरस्थ पद्धतीने शिकली आणि शाळा सोडण्याचा धोका ३६५ टक्क्यांनी वाढला. गुणांपेक्षा हा दुसरा आकडा अधिक भीतिदायक, कारण मागे पडलेल्या मुलाला पुढे आणता येते. निघून गेलेल्याला आधी शोधावे लागते.

सर्वत्र मोजणे एवढे सोपे नव्हते, कारण मोजपट्टीच नाहीशी झाली होती. इंग्लंडमध्ये २०२०ची ए-लेव्हल परीक्षा रद्द झाली आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी ऑफक्वाल या नियामक संस्थेने एका गणिती सूत्राने दुरुस्त केल्या. त्यात जवळपास ३९ टक्के श्रेणी खाली आल्या, मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सूत्र मागे घ्यावे लागले. महाराष्ट्रात २०२१ची दहावीची परीक्षा झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो लागला ९९.९५ टक्के. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता हे खरे. संशोधकाच्या दृष्टीने मात्र मंडळाच्या निकालांची वर्षानुवर्षांची साखळी तिथे तुटली. ज्या वर्षी मुले सर्वांत कमी शिकली असण्याची शक्यता, त्याच वर्षी सर्वाधिक उत्तीर्ण झाली.

भारतातली मोजणी

भारतात अशी परिस्थिती असताना काही मोजमाप झाले, याचे श्रेय मुख्यतः सरकारी यंत्रणेबाहेरच्या संस्थांना जाते. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था २००५पासून ग्रामीण भारतात ‘असर’ पाहणी करत आली आहे. तिची पद्धत सुटसुटीत आहे. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे. स्वयंसेवक घरी जातात, कारण शाळेत गेले तर गैरहजर मूल निसटते. मुलासमोर एक कागद धरला जातो: त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथवर अडखळत न वाचेल ती त्याची पातळी. २०२० आणि २०२१मध्ये गावोगाव फिरणे शक्य नव्हते, म्हणून पाहणी फोनवरून झाली. फोनवरून कागद दाखवता येत नाही. तेव्हा मुलाला काय येते हे कळायचा मार्ग बंद झाला आणि घरात काय आहे एवढेच विचारता आले. स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचे प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होते ते २०२०मध्ये ६१.८ टक्के झाले होते. ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके होती. आणि पाहणीआधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुले होती सुमारे एक तृतीयांश. देशातल्या बहुसंख्य मुलांपर्यंत साथीत जे शैक्षणिक साहित्य पोचले ते छापील पुस्तक होते. ॲपवर शेकडो निबंध लिहिले गेले. पुस्तकावर अगदी थोडे.

घरात फोन असणे आणि मुलाने त्यावर शिकणे यांत किती अंतर आहे, हे ऑगस्ट २०२१च्या ‘स्कूल’ पाहणीने दाखवले. निराली बाखला, ज्याँ द्रेझ, विपुल पैकरा आणि रीतिका खेरा यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची भेट घेतली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकत होती ८ टक्के; ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. स्मार्टफोन असलेल्या ग्रामीण घरांतही १५ टक्केच मुले त्यावर नियमित शिकत होती, कारण फोन कमावत्या माणसाबरोबर बाहेर जात होता किंवा त्यात डेटा नव्हता. नमुना लहान आणि मुद्दाम गरीब वस्त्यांतला होता, त्यामुळे तो साऱ्या देशाचे चित्र म्हणून वाचू नये. पण गुगल फॉर्ममधून गळलेली मुले नेमकी कुठे होती, हे या पाहणीने दाखवून दिले.

त्याआधी फेब्रुवारी २०२१मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या सरकारी शाळांच्या १६,०६७ मुलांचा अभ्यास जाहीर केला होता. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेले भाषेतले निदान एक कौशल्य गमावले होते आणि गणितात ८२ टक्क्यांनी. शाळा बंद झाल्याने मुले नवे शिकली नाहीत एवढेच लोक धरून चालले होते. येत होते तेही विसरली, हे इथे प्रथम ठळकपणे पुढे आले. या अभ्यासाची एक बाजू लंगडी होती. मार्च २०२०मध्ये मुलाला काय येत होते, हे त्याच्या शिक्षकांकडून नंतर आठवून घेतलेले होते.

सर्वांत पक्के काम तामिळनाडूतून आले. अभिजित सिंग, मॉरिसियो रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांच्याकडे तिथल्या गावांतली २०१९मधली मोजणी तयार होती. तीच गावे, त्याच धर्तीची चाचणी, घरोघर जाऊन सुमारे १९,००० मुले. १८ महिन्यांच्या बंदीनंतर, डिसेंबर २०२१मध्ये, गणितातली तूट ०.७ प्रमाण विचलन निघाली आणि तमिळमधली ०.३४. नेदरलँड्समधली तूट याच मापात ०.०८ होती, यावरून अंतर लक्षात यावे. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. सहा महिन्यांत तीच मुले पुन्हा तपासली, तेव्हा तुटीचा दोन तृतीयांश भाग भरून निघाला होता. नुसत्या शाळा उघडल्यानेच बरेच सावरले, आणि भरपाईचा सुमारे चौथा हिस्सा ‘इल्लम तेडी कल्वी’ या राज्य सरकारच्या उपक्रमाच्या वाट्याला गेला. या उपक्रमात सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतेक गावातल्याच शिकलेल्या तरुण मुली, रोज संध्याकाळी तास-दीड तास वस्तीतल्या मुलांना शिकवत. त्याचा फायदा गरीब घरातल्या मुलांना अधिक झाला.

महाराष्ट्रातही उपाययोजना कमी झाल्या नाहीत. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका चालवली, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका दिसू लागली आणि जुलै २०२१पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. तामिळनाडूकडे आधीची मोजणी होती म्हणून त्यांच्या उपक्रमाला किती श्रेय द्यायचे हे सांगता आले. असा पाया नसला की उपक्रम कितीही मनापासून केलेला असो, त्याचा अहवाल किती मुलांपर्यंत पोचला एवढ्यावरच थांबतो.

उपाय तपासणारे

साथीच्या काळातच काही संशोधक नुकसान मोजण्याऐवजी काय चालते ते तपासू लागले. यात बोट्स्वानाने वाट दाखवली. नोअम अँग्रिस्ट, पीटर बर्गमन आणि मोइत्शेपी मात्शेंग यांनी सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला गणिताची सोपी उदाहरणे साध्या संदेशाने पाठवली. दुसऱ्याला संदेशासोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोन, त्यात शिक्षक मुलाशी आणि पालकाशी बोलून उदाहरण सोडवून घेई. तिसऱ्याला काहीच नाही. नुसत्या संदेशांचा उपयोग फारसा दिसला नाही. फोन केलेल्या मुलांची गणितातली प्रगती स्पष्ट दिसली. नंतर हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपीन्समध्ये करून पाहिला तेव्हाही फोनचा फायदा टिकला. साधा बटणांचा फोन पुरेसा होता. चकचकीत ॲपच्या तुलनेत या उपायाची बातमी कमी झाली, यात नवल नाही.

मुलांच्या मनःस्वास्थ्यावरचे संशोधनही याच काळात वाढले. २०२१मध्ये जामा पीडिॲट्रिक्समध्ये आलेल्या एका आढाव्यात २९ अभ्यासांतल्या सुमारे ८१ हजार मुलांच्या माहितीवरून नैराश्याची लक्षणे चौघांपैकी एकात आणि चिंतेची पाचांपैकी एकात असल्याचे दिसले. साथीआधीच्या अंदाजांच्या हे दुप्पट होते. स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतल्या लक्षणांना आजाराचे निदान मानता येत नाही, एवढे भान ठेवून हे आकडे वाचावेत. शिक्षकांवर लिहिले गेले ते बहुतेक त्यांच्या तंत्रज्ञानकौशल्यावर. रेशन दुकानांपासून तपासणी नाक्यांपर्यंत आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या आरोग्य-सर्वेक्षणापर्यंत जुंपलेला जिल्हा परिषदेचा शिक्षक या साहित्यात क्वचितच भेटतो. संशोधकांची स्वतःची गोष्टही मोजली गेली: अमेरिका आणि युरोपातल्या पाहणीत लहान मुले असलेल्या स्त्री-संशोधकांचा संशोधनाचा वेळ सर्वाधिक आटलेला आढळला. शाळा बंद झाल्याचा भुर्दंड शाळेवर लिहिणाऱ्या बायकांनीही भरला.

कुठे बंद, कुठे मोजले

जानेवारी २०२३मध्ये बास्टियन बेटहॉयझर, अँडर्स बाख-मॉर्टेनसेन आणि पेअर एंगझेल यांनी तोवरचे विश्वासार्ह अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. १५ देशांतले ४२ अभ्यास त्यांच्या कसोटीला उतरले. सरासरी तूट शालेय वर्षाच्या ३५ टक्क्यांइतकी होती. गणितात ती वाचनापेक्षा जास्त होती, गरीब घरांत अधिक होती, सुरुवातीच्या महिन्यांत पडली आणि नंतर फारशी वाढली नाही तरी भरूनही निघाली नाही. या ४२ अभ्यासांत कमी उत्पन्नाच्या देशांतला एकही नव्हता आणि भारतातलाही नव्हता. युगांडातल्या शाळा जवळपास दोन वर्षे बंद राहिल्या, १० जानेवारी २०२२ला उघडल्या. जगातली ती सर्वांत लांब बंदींपैकी एक. ‘जगाची सरासरी’ म्हणून उद्धृत होणाऱ्या आकड्यात तिचा मागमूस नाही. शाळा जिथे सर्वाधिक काळ बंद होत्या तिथे मोजमाप सर्वांत कमी झाले आणि जिथे थोडके आठवडे बंद होत्या तिथे सर्वाधिक, हा या साऱ्या संशोधनातला सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या निकालात श्रीमंत देशांची गणिताची सरासरी २०१८च्या तुलनेत १५ गुणांनी आणि वाचनाची १० गुणांनी घसरलेली दिसली. सारा दोष साथीवर टाकण्याचा मोह अनेकांना झाला. पण त्यांतल्या काही देशांत घसरण साथीआधीच सुरू झाली होती आणि विज्ञानाच्या सरासरीत विशेष फरक नव्हता. अलीकडचे संशोधन म्हणूनच साथीचा वाटा आणि जुन्या दुखण्याचा वाटा वेगळा काढण्याकडे वळले आहे.

भारतातही आकडे सावरल्याचे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. ‘असर’प्रमाणे ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८मध्ये २०.९ टक्के होते, २०२२मध्ये १६.३वर घसरले आणि २०२४मध्ये २३.४ टक्के झाले. तूट भरून निघाली आणि वर थोडी भरही पडली. मात्र २०२४ची तिसरीतली मुले टाळेबंदी लागली तेव्हा शाळेत दाखलही झाली नव्हती. टाळेबंदीच्या मार्चमध्ये जी मुले तिसरी संपवत होती, ती २०२४मध्ये आठवीत होती. आठवीतल्या मुलांचे हेच प्रमाण २०१८मध्ये ६९ टक्के होते. २०२४मध्ये ते ६७.५ टक्के होते.